सापडावे की उपयोगी पडावे?

‘उपयुक्तता’ या शब्दाशी माझी पहिली गाठ पडली ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी, अर्थशास्त्राच्या पुस्तकात. तिथे तो ‘उपयोगिता’ असा कडक इस्त्रीचा होता. माणसाची गरज भागवण्याची वस्तूच्या अंगची शक्ती म्हणजे उपयोगिता. इथपर्यंत ठीक होतं. पण लगेच पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की उपयोगितेचा आणि नीतीचा काही संबंध नाही. दूध पिणाऱ्याला दुधात उपयोगिता असते, तशीच दारू पिणाऱ्याला दारूत असते. अर्थशास्त्र दोघांकडेही सारख्याच थंड नजरेनं बघतं. आमच्या वर्गातल्या मागच्या दोन बाकांना हा परिच्छेद इतका आवडला की परीक्षेत त्यांचं तेवढं एकच उत्तर बरोबर आलं.

पुढे मी बँकेत चिकटलो आणि उपयोगितेशी संबंध संपला. बँकेत हा विषय फक्त बदलीच्या वेळी निघतो. ‘तुमचा तिकडे जास्त उपयोग आहे’ असं साहेब म्हणाले, की ‘तिकडे’ म्हणजे जिथे एस.टी. दिवसातून दोनदाच जाते, हे शिपायालासुद्धा कळतं. तर असा हा शब्द पंचवीसेक वर्षांनी अचानक माझ्या घरी चहाला आला, तो आमच्या मेहुण्यांच्या बरोबर.

सौभाग्यवतींचे हे धाकटे बंधू मसाल्यांचा धंदा करतात. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असा सगळा खमंग व्यवहार. ते घरात आले की दहा मिनिटांनी डबा उघडावा लागत नाही. आमटीला आपोआप वास लागतो. अलीकडे त्यांनी या धंद्याची वेबसाइट काढली होती.

“भाओजी, दुकान टाकलं, पण गल्लीच सापडत नाही हो कुणाला,” मेहुणे म्हणाले. “गूगलवर ‘गोडा मसाला’ टाकलं की आम्ही अकराव्या पानावर!”

“मग पहिल्या पानावर कोण आहे?”

“मसाला विकणारे चार, आणि मसाल्यावर निबंध लिहिणारे सहा.”

‘निबंध’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी काउंटरच्या अलीकडून रोज बघतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाची असते. दिवाळी अंकात माझे चार विनोदी लेख आलेत, एवढ्या तारणावर ते आले होते.

सल्लागार म्हणून माझा भाचा हजर होता. तो पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांच्या वेबसाइटी वर चढवायचं काम करतो. त्याचा हुद्दा सात शब्दांचा आहे आणि त्यातला एकही शब्द त्याच्या आईला सांगता येत नाही. “मुलगा गूगलमध्ये काहीतरी शोधतो,” असं ती स्थळांना सांगते.

“मामा, सरळ गोष्ट आहे,” भाचा म्हणाला. “युजफुल कंटेंट पाहिजे. लोकांच्या उपयोगी पडेल असं लिहायचं. मग गूगल आपल्याला वर नेतं.”

“म्हणजे लोकांच्या उपयोगी पडायचं ते आपण वर जावं म्हणून?”

“अर्थात!”

“अरे, आमच्या गावचे कीर्तनकार बुवा हेच सांगायचे. फक्त त्यांचं ‘वर’ वेगळं होतं.”

भाचा हसला नाही. सात शब्दांच्या हुद्द्याची माणसं हसत नाहीत. पण माझ्या डोक्यात त्या दिवसापासून एक किडा शिरला. वर जाण्यासाठी केलेला उपकार हा उपकार असतो का? आणि नसेल, तर उपकार झालेल्या माणसानं तो परत करायचा की काय?

आता या शोधयंत्राला कोण चांगलं, कोण वाईट हे मुळात कळतं कसं, ते भाच्यानं मला समजावलं. ते समजायला बँकेची नोकरी फार कामी आली. सुरुवातीची यंत्रं, म्हणजे १९९५ साली निघालेलं अल्टाव्हिस्टा वगैरे, प्रामुख्यानं पानावरचे शब्द बघत. हे कळताच लोकांनी पानभर एकच शब्द लिहायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून तो पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहीत. म्हणजे यंत्राला दिसे, माणसाला दिसत नसे. (कर्जाच्या करारातल्या बारीक टायपाचं काम याच्या बरोबर उलट, तो माणसाला दिसतो, पण सही झाल्यावर.)

मग १९९८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक वेगळी रीत मांडली. एखादं पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते सोडा. त्याच्याकडे बोट कोण कोण दाखवतं ते बघा. आणि बोट दाखवणाऱ्याकडे स्वतः किती लोक बोट दाखवतात तेही बघा. हे ऐकून मी भाच्याला म्हटलं, “अरे, ही तर आमची ओळखीची सही!” पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदारानं फॉर्मवर ‘मी यांना ओळखतो’ अशी सही करावी लागे. त्यातही हायस्कूलच्या हेडमास्तरांची सही आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याची सही यांत फरक असे. स्टॅनफर्डच्या पोरांनी तोच फरक गणितात मांडला आणि त्यावर गूगल उभी केली.

पण ओळखीची सही लागते म्हटल्यावर काय होतं, हे आम्हा बँकवाल्यांना पाठ आहे. बँकेच्या दारातच चहाच्या एका कपावर सही देणारे परोपकारी खातेदार उभे राहतात. इंटरनेटवरही तेच झालं. ओळखी विकत मिळू लागल्या. २००६ साली बी.एम.डब्ल्यू. या बड्या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गूगलनं काही दिवस यादीतूनच काढून टाकली. यंत्राला एक पान दाखवून माणसाला दुसरीकडे वळवायचं, असा प्रकार तिथे सापडला होता. २०११ साली जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानाच्या नावानं जागोजागी पेरलेल्या ओळखी न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केल्या. त्याच वर्षी गूगलनं भरताड मजकुराच्या बंदोबस्तासाठी ‘पांडा’ आणला, आणि २०१२ साली खोट्या ओळखींच्या बंदोबस्तासाठी ‘पेंग्विन’. मला वाटलं, या लोकांनी प्राणिसंग्रहालय काढलं. पण पांडा हे जनावर नसून गूगलमधल्या एका इंजिनिअरचं आडनाव निघालं. आपल्याकडे कुणा कुलकर्ण्याच्या नावानं एवढा दरारा बसल्याचं ऐकिवात नाही. वसुलीचे दिवस सोडले तर.

या सगळ्याचं मर्म एका बँकवाल्यानंच आधी सांगून ठेवलंय, हे कळल्यावर माझी छाती दोन इंच फुगली. बँक ऑफ इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली मांडलं की, एखाद्या आकड्यावरून कारभार नीट कळत असला, तरी त्या आकड्यालाच धरून कारभार हाकायला लागलात की तो आकडा विश्वासाचा राहत नाही. ते पैशाच्या पुरवठ्याबद्दल बोलत होते. पण ज्यानं बँकेत मार्चअखेर काढली आहे त्याला हे ओव्हीसारखं समजतं. ३१ मार्चला ठेवींना भरती येते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओहोटी. या दोन तारखांच्या मध्ये ग्राहकांची श्रीमंती कमी झालेली नसते. ताळेबंदाचा फोटो काढून झालेला असतो. इंग्रजीत याला ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. मराठीत यासाठी शब्द नाही, कृती आहे.

तर उपयोगीपणाचंही असंच. यंत्राला उपयोग दिसत नाही. त्याला उपयोगाची सावली दिसते. आणि सावलीला मार्क मिळतात म्हटल्यावर माणसं झाड लावायचं सोडून जमिनीवर काळा रंग फासत सुटतात. थालीपिठाची कृती शोधा. आधी आजीचं चरित्र, मग थालीपिठाचा इतिहास, मग ‘थालीपीठ म्हणजे काय?’ हा प्रश्न. ज्याला थालीपीठ म्हणजे काय हेच माहीत नाही तो थालीपिठाची कृती शोधेल कशाला? पण पान लांब हवं, अशी समजूत. खरं तर आम्हाला शब्दांची ठरावीक संख्या आवडते वगैरे काही नाही, असं गूगलनं स्वतः लिहून ठेवलंय. पण लोक देवाचं कधी ऐकतात? ते पुजाऱ्याचं ऐकतात.

इथपर्यंत सगळा प्रकार गंमतीचा होता. पण एके दिवशी माझ्या काउंटरसमोर एक आजी येऊन उभ्या राहिल्या आणि गंमत संपली.

आजोबा वारले होते. खात्यात सव्वा लाख रुपये होते आणि नॉमिनी लावलेला नव्हता. नातवानं फोनवर शोधून पाहिलं होतं. त्यानं मला तो फोन दाखवला. दहा पानं सापडली होती आणि दहाही एकाच आईची लेकरं होती. पहिलंच वाक्य, ‘मृत्यू हे जीवनातील अटळ सत्य आहे.’ हे आजींना नव्यानं सांगायची काही गरज नव्हती. पुढे ‘बँक खाते म्हणजे काय’, मग ‘खात्याचे प्रकार’. काय कागद न्यायचे ते कुठेच धड नाही. शेवटी कुणी एजंट भेटला आणि त्यानं दोन हजार घेऊन यांना एक फॉर्म आणून दिला. तो फॉर्म आमच्या शाखेत फुकट मिळतो.

त्या दिवशी मला कळलं की निरुपयोगी मजकूर निरुपद्रवी नसतो. तो रांगेत पुढे घुसून उभा राहतो आणि त्याच्या मागे खरी माहिती ताटकळत राहते. त्या दहा पानांनी आजींचे दोन हजार रुपये चोरले नाहीत. चोराला वाट मात्र करून दिली.

पण न्यायाची गोष्ट म्हणजे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मृत खातेदाराच्या पैशाबद्दलची बिनचूक माहिती आमच्याच शाखेत भिंतीवर लावलेली होती. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात आणि पाण्याच्या कूलरच्या मागे. तिच्यात एक शब्द खोटा नव्हता आणि ती आजवर एकाही माणसानं वाचली नव्हती. नियमाचं पालन झालं होतं, ग्राहकाची मात्र पिण्याच्या पाण्यापलीकडे सोय नव्हती. मला तोवर वाटायचं, सापडण्याची धडपड ही हौस, आणि उपयोगी असणं हा धर्म. त्या कूलरपाशी वाटलं की शोधणारा माणूस दारात उभा असताना न सापडणं हाही अधर्मच आहे.

मी एका स्लिपच्या पाठीमागे आजींना मराठीत सहा ओळी लिहून दिल्या. मृत्यूचा दाखला आणा, मूळ दाखवून परत न्या. पासबुक आणा. तुमची आणि मुलांची ओळखपत्रं आणा. नॉमिनी नाही, म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. ठरावीक रकमेच्या आत कोर्टाचा वारस दाखला लागत नाही, तुमची रक्कम आत आहे. फॉर्म फुकट आहे. ‘फुकट’ खाली दोन रेघा मारल्या.

महिन्याभरानं एक गृहस्थ त्या स्लिपचा झेरॉक्स घेऊन आले. मग एक बाई आल्या. मग तिसरेच कुणी, झेरॉक्सचा झेरॉक्स घेऊन. त्यातली अक्षरं पुसट झाली होती, पण ‘फुकट’ खालच्या रेघा ठळक होत्या. आजींच्या चाळीत तो कागद हातोहात फिरत होता. कुणी सही केली नव्हती, कुणाचं नाव नव्हतं. स्टॅनफर्डच्या पोरांना जे गणितात पकडायचं होतं ते हेच असणार: एकाचं काम झालं म्हणून त्यानं दुसऱ्याला दाखवलेलं बोट.

जाता जाता एक. जगात फक्त माणसंच पैसे शोधत नाहीत, पैसेही माणसं शोधत असतात. दहा वर्षं ज्या ठेवीकडे कुणी फिरकत नाही, ती २०१४ सालच्या योजनेप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. तरी खातेदाराला किंवा वारसाला ती आपल्या बँकेकडे मागता येते. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलंय. वाचकांपैकी कुणाचे काका-आजोबा विसरभोळे असतील त्यांनी बघावं. आणि नॉमिनी लावावा. हा माझा युजफुल कंटेंट. याचे पैसे नाहीत.

आता मूळ प्रश्न. जर्मनीतल्या कांट नावाच्या तत्त्ववेत्त्यानं १७८५ साली एका ग्रंथात एक दुकानदार आणलाय. हा दुकानदार सगळ्यांना एकच भाव लावतो. लहान पोर आलं तरी फसवत नाही. पण का? तर नाव चांगलं राहिलं की धंदा चांगला चालतो म्हणून. कांट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण याला नैतिक मोल नाही. कारण तो कर्तव्यापोटी वागला नाही, फायद्यापोटी वागला.

मी हे मेहुण्यांना सांगितलं. ते विचारात पडले. मग म्हणाले, “कांटांचं स्वतःचं दुकान होतं का?”

“नाही. प्राध्यापक होते.”

“तरीच,” मेहुणे म्हणाले. “पगार ठरल्या तारखेला होत असला की हेतू शुद्ध ठेवायला सोपं जातं.”

हा टोला मलाही होता. पण खरं सांगायचं तर मी यात मेहुण्यांच्या बाजूचा आहे. ज्या पोराला त्या दुकानात योग्य भावात गूळ मिळाला, त्याला दुकानदाराच्या अंतःकरणाशी काय करायचंय? काउंटरच्या पलीकडच्या माणसाला आपला हेतू दिसत नाही, काम झालं की नाही ते दिसतं. फक्त एक गोष्ट कांटची खरी. ज्या दिवशी फायदा आणि उपयोग यांची वाट वेगळी होते, त्या दिवशी दुकानदार कुठल्या वाटेनं जातो, तेव्हाच त्याची परीक्षा होते. एरवी दोघं एकाच वाटेनं चालत असतात आणि कोण कुणाच्या मागे आहे ते कळत नाही.

तो दिवस मेहुण्यांच्या घरी लौकरच उगवला. मी निबंध लिहायला नकार दिला आणि त्यांना म्हटलं, गिऱ्हाइकं फोनवर रोज जे विचारतात त्याची उत्तरं तुम्हीच लिहा. त्यांनी वहीच्या कागदावर लिहून आणलं. मसाल्यात ओला चमचा घालू नये. पावसाळ्यात बरणीत हिंगाचे खडे टाकावेत. गोडा आणि काळा यांत फरक काय. आणि शेवटी एक ओळ: गोड्या मसाल्यात तीळ-खोबरं असतं, फार दिवस ठेवला की खवट होतो, तेव्हा लागेल तेवढाच न्या, पावसाळ्यात एकदम किलो घेऊ नका.

भाचा ही ओळ वाचून ताठ झाला. “मामा, ही काढा! किलोचं पाकीट हाच यांचा सगळ्यात जास्त खपाचा माल आहे!”

मेहुणे बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मसाल्याची पाखडणी करताना बघतात तसे. मग म्हणाले, “राहू दे. खरं आहे ते. फोनवर सांगतोच की मी.”

त्या क्षणी कांट आमच्या दिवाणखान्यात असता तर त्यानं पाव किलो मसाला नक्की घेतला असता.

वाचकहो, तुम्हाला आता मेहुणे पहिल्या पानावर आले असं ऐकायचंय. ते अकरावरून सातव्या पानावर आले आणि तिथेच मुक्काम आहे. शिवाय नवीनच पंचाईत अशी की, २०२४ पासून गूगल पुष्कळ प्रश्नांची उत्तरं कृत्रिम बुद्धीकडून लिहवून वरच्या वर देऊन टाकते. मसाल्याला गाठी का होतात ते माणसाला तिथेच कळतं; लिहिणाऱ्याच्या दारापर्यंत तो यायचं कारण उरत नाही. निष्काम कर्मयोग आजवर ऐच्छिक होता, तो आता सक्तीचा झालाय. मेहुण्यांची आणखी एक तक्रार आहे. पूर्वी गाठींबद्दल फोन यायचे, आणि बोलता बोलता माणूस मेतकूटही मागवायचा. आता लोक वाचतात आणि फोनच करत नाहीत.

मी त्यांना म्हटलं, यालाच उपयोगी पडणं म्हणतात. आमच्या काउंटरवर ज्याचं काम नीट होतं तो ग्राहक पुन्हा तोंड दाखवत नाही, आणि ज्याचं होत नाही तो रोज येतो, साहेबांना भेटतो, आमचं नाव घेतो. सर्वांत जास्त नाव निघतं ते सर्वांत जास्त अडवणाऱ्याचं. देवळाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर पाठ टेकायच्या जागी देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं. बाक रिकामा असला की नाव लख्ख वाचता येतं. दमलेला माणूस टेकून बसला की त्याच्या पाठीमागे ते झाकलं जातं. बाकाचा उपयोग चालू असतो तेवढा वेळ देणगीदार दिसत नाही. बाक देणाऱ्यानं हे हिशेबात धरलं होतं की नाही, ते त्याचं त्याला ठाऊक. बसणाऱ्याला मात्र बाक वाटेवर लागतो, पानांच्या मागे दडवलेला नसतो. तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

हे मेहुण्यांना पटलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत. नुसता पिशवीतून एक पुडा काढून सौभाग्यवतींच्या हाती दिला. पाव किलोचाच होता. आम्हालाही किलोभर देणं आता त्यांना तत्त्वात बसत नाही.